आमचं वायफाय कोण दाबतंय

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. वय आधीच सांगून टाकतो, कारण त्या वर्षी मी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला आणि लोकांना ते खोटं वाटतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरचं आणि माझं जमलं नाही. पण मी लिहिला म्हणजे लिहिला. अजून आहे लॅपटॉपात, कुणालाही दाखवतो.

हौसेनं मात्र लिहिला नाही. उन्हाळ्यात आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, न्हाणीत पाय घसरून पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. मी शेळ्या घेऊन माळाला गेलेलो. मी येईपर्यंत ती बाई तिथंच फरशीवर पडून होती. परभणीला नेलं, प्लास्टर केलं, हाड जुळलं, म्हातारी काठी टेकत का होईना चालायला लागली. पण पोरीच्या डोक्यातून ती फरशी काही जाईना. एकच मुलगी आम्हाला. पुण्याला कंपनीत आहे, जावईही तिथंच. ती आमच्या गावाला, बोरीला आली, जिंतूरहून माणूस बोलावून घरात वायफायचा डबा बसवला आणि मधल्या घरात माळ्याच्या खाली एक कॅमेरा ठोकला. कॅमेरा केवढा, तर कोंबडीच्या अंड्याएवढा. पण तो नुसता बघत नाही, बोलतोही. पोरगी पुण्यात मोबाईलवर बोलली की आमच्या भिंतीतून आवाज यायचा, "आई, गोळी घेतली का?" आणि आम्ही दोघं भिंतीकडं बघून उत्तर द्यायचो.

जाताना तिनं मला ओसरीत बसवून सांगितलं.

"बाबा, हा चालू राहिला तर तुमी दोघं इथं राहा. मला दिसलं पायजे की आई उठलीय, फिरायलीय. दिसायचं बंद झालं तर मी कुनाचं ऐकायची न्हाई. दोघांनाबी पुण्याला घेऊन जानार."

"आन शेळ्या?"

"शेळ्या इकून टाका."

असं म्हणाली जणू शेळ्या म्हणजे जुने पेपर.

पुण्याचं घर मी बघितलेलं आहे. एकदा आठवडाभर राहिलो. तिसरा मजला. खाली फिरायला गेलं की वर येताना दारावरचा वॉचमन रोज विचारायचा, "बाबा, कुणाकडं?" रोज तोच माणूस, रोज तोच प्रश्न. मी रोज त्याला सांगायचो की माझ्या पोरीचं घर आहे, आणि रोज तो वहीत लिहून घ्यायचा. सकाळी उठल्यावर पाय टेकायला माती नाही, बोलायला माणूस नाही. तिथं कायमचं जायचं म्हणजे माझ्यासाठी विषयच संपला. म्हणून त्या अंड्याचा मला कितीही राग असला तरी त्याची राखण माझ्या गळ्यात पडली.

पावसाळाभर नीट चाललं. पोळा झाला आणि पोरीचे फोन सुरू झाले.

"बाबा, दुपारी कॅमेरा बंद व्हता."

"लाइट गेली आसंल."

"लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतोय तो."

दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस आड तेच. दुपारी बंद, मी शेळ्या घेऊन संध्याकाळी घरी येईपर्यंत परत चालू. जिंतूरच्या माणसाला बोलावलं. तो आला, डब्यावरचे हिरवे दिवे बघितले, म्हणाला सगळं ओके आहे, चहा पिऊन गेला. परत बोलावलं. परत हिरवे दिवे, परत ओके, परत चहा. तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही. माझ्या घरातला बिघाड असा, की कुणी बघायला आलं की शहाण्यासारखा गप बसायचा.

पोरीनं मग नवीन शोध लावला. म्हणाली, "आजूबाजूला लोकांचे वायफाय वाढले असतील. बाजारात पाचजण एकाच वेळी ओरडायला लागले की कुणाचंच नीट ऐकू येत न्हाई, तसं होतंय. आपण एक प्रोग्राम लिहू. आसपास कोणकोणते वायफाय हायत, कुणाचा किती जोर हाय, ते तो सारखा बघत राहील आन लिहून ठेवील."

"मोबाईलमधी न्हाई का दिसत ते?"

"तुमचा मोबाईल बटनाचा हाय, बाबा."

ते खरं होतं. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप आमच्या कपाटात होता. ती म्हणाली, मी इथून लिहून पाठवते, तुम्ही फक्त उघडा. पण पाठवलेलं यायचं कशातून? वायफायमधून. आणि दुखणं वायफायलाच. ती दुपारच्या सुटीत पाठवायची तेव्हा वायफाय बंद, आणि संध्याकाळी चालू झालं की आलेलं कुठून उघडायचं ते मला सापडेना; दोन दिवस असेच गेले. शेवटी मी म्हणालो, "तू सांग, मी लिवतो."

ती हसली. त्या हसण्यानंच मी पेटलो.

मला इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी अक्षरं येतात. हे दोन वेगळे विषय आहेत आणि शिकलेल्या लोकांना ते कळत नाही. सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी बरीच वर्षं कापसाच्या गाठींवर मार्के मारले. पत्र्यात कापलेली अक्षरं गाठीवर ठेवायची आणि काळ्या रंगाचा कुंचा फिरवायचा. कुठलं अक्षर उलटं, कुठलं सुलटं, कुठं जागा सोडायची, सगळं हातात बसलेलं. त्या गाठी कुठंकुठं गेल्या, माझं अक्षर बघून कधी एक परत आली नाही. आणि ही पोरगी मला हसणार!

रविवारी सकाळी बसलो. लॅपटॉप पाटावर, फोन मोठ्या आवाजात बाजूला, म्हातारी पलीकडं सुपात डाळ निवडत.

"लिहा बाबा. आय, एम, पी, ओ, आर, टी. आता एक जागा सोडा."

"सोडली."

अशी अक्षरं येत गेली. मध्येच ती म्हणायची, खालची आडवी रेघ. मी म्हणायचो, रेघ तर वर बटणावर काढलेली आहे. ती म्हणायची, दुसरं बटण दाबून धरा मग येईल. एका अक्षराला दोन बटणं! जिनिंगच्या मुकादमाला असं सांगितलं असतं तर त्यानं पत्रा फेकून मारला असता.

"आता दोन टिंबं, एकाखाली एक. मग खालच्या ओळीत जा आन चार जागा सोडून लिहा."

"चार का?"

"सोडायच्या असतात."

"कागद वाया घालवायचा का उगीच?"

"बाबा, कागद कुठं हाय तिथं? ती ओळ वरच्या ओळीच्या पोटातली हाय. पोटातली हाय हे त्याला रिकाम्या जागेवरूनच कळतं."

"म्हंजे न लिवलेलं बी त्यो वाचतो?"

"वाचतो."

"मग लिवलेलं का वाचत न्हाई?"

कारण तोपर्यंत दोनदा चालवून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा तांबड्या अक्षरांत काहीतरी आलं होतं. मी एकएक अक्षर पोरीला वाचून दाखवायचो, ती अर्ध्यातच म्हणायची, कळलं, कंस उघडला पण बंद केला नाही. मग कंस बंद केला तर म्हणे शब्दाभोवतीच्या अवतरणाची सुरुवात एका टिकलीनं केली आणि शेवट दोन टिकल्यांनी. मुकादम शिव्या द्यायचा, पण गाठीकडं बोट दाखवून द्यायचा. हा कॉम्प्युटर एका ओळीचं नाव घ्यायचा आणि चूक निघायची तिच्या वरच्या ओळीत.

"कशाला एवढं कष्ट करायलाव," म्हातारी सुपातून मान वर न करता म्हणाली. "चाललंय की बरं."

"काय बरं चाललंय? पुण्याला जायचंय का तुला?"

तिनं डाळीतला खडा उचलून अंगणात टाकला.

जेवणवेळ टळून गेल्यावर तो प्रोग्राम चालला. मी सांगतो त्यात काय होतं. पहिल्यांदा लॅपटॉपला विचारायचं, आत्ता आसपास कोणते वायफाय आहेत. मग आलेली नावं, त्यांच्या चॅनलचा नंबर, त्यांचा जोर आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. मग जरा थांबायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढंच. पण एवढ्यासाठी माझा अर्धा दिवस आणि पूर्ण डोकं गेलं.

काळ्या पडद्यावर नावं पडायला लागली तेव्हा मात्र मी हललो नाही. शाळेचं वायफाय. मेडिकलचं. ग्रामपंचायतीचं. एकानं नावच ठेवलेलं, "पासवर्ड मागू नये". आमच्या गल्लीत हवेतून एवढी माणसं फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. आमच्या खालोखाल सगळ्यात जोर कुणाचा, तर गुरुजींचा. गुरुजी म्हणजे आमचे शेजारी, शाळेवर मास्तर, मध्ये एकच भिंत. पोरीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमचं आन त्यांचं एकाच चॅनलवर हाय. दोघांचे एकमेकांत आवाज मिसळायलेत. त्यांना म्हणावं नंबर बदला. नीट सांगा, बाबा, भांडू नका."

मी भांडायला गेलोच नव्हतो. मी फक्त दारात उभं राहून विचारलं.

"गुरुजी, तुमचं वायफाय माझ्या घरात शिरायलंय."

"काका, ते हवेत असतंय."

"हवेत आसू द्या न्हाई तर हिरीत. माझ्या वायफायवर दाब पडायलाय."

"आवं काका, वायफाय म्हंजे काय शेत हाय का बांध कोरायला? तुमचंबी माझ्या सैपाकघरात येतंय. मी आलतो का कधी भांडायला?"

"किती येतंय?"

"क्काय?"

"तुमच्या सैपाकघरात माझं किती येतंय? जोर सांगा."

गुरुजी माझ्याकडं बघतच राहिले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बदला आवं तो नंबर एकदाचा. न्हाई तर काका हितंच धरणं धरून बसतील."

त्यांनी मोबाईलवर काहीतरी दाबलं, म्हणाले बदलला. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा पुन्हा बंद.

आता मात्र मी तो लॅपटॉप दिवसभर चालू ठेवला आणि शेळ्या घेऊन गेलो. संध्याकाळी येऊन बघतो, तर दुपारच्या वेळी शाळा होती, मेडिकल होतं, गुरुजी होते, पासवर्ड मागू नये होते. आमचंच नाव नव्हतं. जोर कमी नव्हे, नावच नाही. उन्हं कलल्यावर पुन्हा आलेलं, काही झालंच नाही असं.

पोरीला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं.

"बाबा, गर्दी आसती तर आपलं नाव कमी-जास्त दिसलं आसतं. नावच गेलं म्हंजे डब्याचं बटनच बंद होतंय. कुनीतरी बंद करतंय. दुपारी घरात कोन असतंय?"

"तुझी आई."

"आजून?"

"आजून कोन आसनार? शेळ्याबी माझ्यासंगं."

"मग बघा," ती म्हणाली. मला राग आला. आईवर आळ घेतेस का म्हणून मी फोन ठेवून दिला. चुलीपाशी म्हातारी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उंदीर आसतील."

"उंदीर बटन दाबतेत का?"

"आताचे दाबतील. काय सांगावं."

रात्रभर मी त्या उंदरांचा विचार केला असं नाही, मी झोपलो. पण दुसऱ्या दिवशी माळावर शेळ्या दुसऱ्या एका धनगराच्या कळपात घातल्या, त्याला म्हणालो जरा बघ, आणि उन्हातान्हाचा घरी आलो. दाराला आतून कडी. मी हाक मारली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज, मग म्हणे, "आले, आले." पण यायला वेळ. कडी निघाली तेव्हा म्हातारी पदर सावरत उभी. केस ओले, मोकळे, पाठीवर पसरलेले. खाली सतरंजीवर फणी. आणि टीव्हीच्या डोक्यावर वायफायची वायर, भिंतीतून काढून, नीट गुंडाळी करून ठेवलेली. घाईत ओढलेली नाही, घडी घातलेली.

"हे तू करायलीस?"

"व्हय."

"रोज?"

"रोज कुठं? न्हायचं आसलं, केस वाळवायचे आसले, जरा पाय पसरून पडायचं आसलं, की काढते. मग लावते परत."

"आगं पण का?"

"जावई बोलले त्यातनं."

मला आधी कळेना. मग ती सांगायला लागली. पोळ्याच्या आसपासची गोष्ट. ती दुपारी अशीच केस सोडून बसलेली, पदर मांडीवर, घरात कुणी नाही. तर भिंतीतून आवाज, पोरीचा नव्हे, जावयाचा. "मामी, पाय कसा हाय आता?"

"मी कुठं तोंड लपवू? जावयापुढं कधी पदर ढळू दिला न्हाई म्या, लग्नातबी न्हाई. आन ते बघायलेत, मी उघड्या डोक्यानं बसलेली. तसंच उठले, ह्या लंगड्या पायानं, आन वायर उपटली. कॅमेऱ्याचं बटन वर माळ्यापाशी, माझा हात पोचत न्हाई. हे पोचतं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी गावभर केलं आसतं. गुरुजीच्या दारात जाऊन भांडून आलाव तेवढं बास न्हाई का?"

"म्हंजे मी गुरुजीकडं चाललो तवा तुला ठावं व्हतं?"

"दारातच उभी व्हते."

"आन आडवलं न्हाईस!"

"तुमाला कोन आडवलंय आजपत्तुर?"

मी खाली बसलो. एक रविवार मी त्या कंसात आणि टिकल्यांत घातला, शेजाऱ्याशी वाकडं घेतलं, हवेतली माणसं मोजली, आणि चोर माझ्या घरात फणी घेऊन बसलेला. राग यायला पाहिजे होता, आलाही. पण तो धरायचा कुणावर, ते ठरेना. म्हाताऱ्या बाईला तिच्या घरात केस वाळवायला जागा नको का? आणि पोरीनं आईची काळजी करायची नाही का? सगळ्यांचं बरोबर आणि वैताग तेवढा माझ्या वाट्याला.

"तुला कळतंय का," मी म्हणालो, "हे बंद पडलं की आपल्याला पुण्याला जायचंय?"

"कळतंय. म्हनूनच केस वाळले की लावते की." मग हळूच म्हणाली, "सांगा तिला, वायर सैल व्हती म्हनून."

मी ते करणार नव्हतो. वायर सैल म्हटलं असतं तर पोरीनं नवी वायर पाठवली असती, मग नवा डबा, आणि कॅमेरा तिथंच राहिला असता, आणि म्हातारीनं नवी वायरही उपटली असती. कधीतरी पोरगी गाडी घेऊन दारात. आणि दुसरं असं, की मी खोटं बोलत नाही.

संध्याकाळी फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं. ती म्हणाली, "आवं बाबा, ह्यांनी नुसतं पायाचं विचारलं व्हतं. एकदाच."

म्हातारीनं माझ्या हातातून फोन घेतला. हिसकलाच.

"एकदाच म्हंजे? एकदा बघितलं की बघितलंच. उद्या तुझ्या घरात तुझ्या सासऱ्यानं भिंतीला डोळा लावला तर तू केस सोडून बसशील का?"

"आई, तू पडलीस तर कुनाला कळनार?"

"वरडीन. भिंतीपल्याड गुरुजीची बायको हाय."

"त्या दिवशी वरडलीस ना? आलं का कुनी?"

पोरीचा आवाज बदलला. "मीटिंगमधी बसले तरी मला तू त्या फरशीवर दिसतीस. मला तुझे केस न्हाई बघायचे. तू न्हाणीतनं बाहीर आलीस एवढंच बघायचंय."

ते ऐकलं आणि मला रस्ता दिसला. आमची न्हाणी अंगणात आहे. मी फोन मागितला. "आगं, मग तेवढंच बघ की. कॅमेरा घरात कशाला? ओसरीच्या खांबाला लावतो, तोंड अंगनाकडं. न्हाणीचं दार दिसंल, आई आत गेलेली दिसंल, बाहीर आलेली दिसंल. मधलं घर आमचं."

म्हातारी माझ्या कानापाशी तोंड आणून ओरडली, "आन जावयाच्या मोबाईलमधनं काढून टाक म्हनावं!"

"काढते, आई."

"आत्ता काढ."

थोडा वेळ गेला. "काढलं. आन तुझ्यासाठी येगळा बटनाचा मोबाईल धाडते, त्यो दिवसभर कमरेला ठेव. चालंल का?"

"ठेवते."

"बाबा, दिवाळीपर्यंत बघते. एक दिवस जरी दिवसाढवळ्या अंधार दिसला तरी—"

"न्हाई दिसनार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी मी गुरुजींच्या दारात गेलो, कारण गल्लीत शिडी त्यांच्याकडंच आहे. गुरुजी दात घासत होते. "काय काका, आता वायफाय छपरावर चढवायलाव का?" मी म्हणालो, शिडी द्या. कुणाची चूक होती ते मी बोललो नाही, त्यांनी विचारलंही नाही. पण शिडीचं दुसरं टोक धरून ते माझ्या ओसरीपर्यंत आले आणि मी वर चढल्यावर खाली धरून उभे राहिले. मधल्या घरातून कॅमेरा सोडवून आणला होता, तो खांबाला लावला. खिशातला फोन वाजला. "बाबा, नुसती निंबाची फांदी दिसायलीय. खाली करा जरा." मी त्याची मान खाली वाकवली. "आजून." आणखी वाकवली. "हां, दार दिसलं," ती म्हणाली, आणि मी स्क्रू आवळला.